राखण

"दादा, तिचे मार्क विचारू नकोस. ती जेवते का, झोपते का आणि तिच्याशी बोलायला तिथे कोणी आहे का, एवढेच पाहून ये," असे म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने न्यू जर्सीतल्या बसथांब्यावर माझ्या हातात दोन डबे ठेवले. एकात चकल्या होत्या, दुसऱ्यात चिवडा. 2024 सालच्या दिवाळीची सुट्टी होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी समुद्र ओलांडला होता. लोक अमेरिकेत गेले म्हणजे नायगारा पाहतात, न्यूयॉर्कच्या उंच इमारतींपुढे उभे राहून फोटो काढून घेतात. मी मात्र चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन पिट्सबर्ग नावाच्या लोखंडाच्या गावी निघालो होतो. तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात माझी भाची संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती.

बहिणीच्या काळजीला कारण घडले होते. सप्टेंबर महिन्यात एका रात्री तिने मुलीला फोन केला, तर पलीकडून उत्तर आले, "आई, आत्ता बोलत नाही. बाँब हातात आहे. फुटला तर गुण जातील." बहीण रात्रभर झोपली नाही. मागाहून खुलासा झाला तो असा, की त्यांच्या एका विषयात प्रत्येक विद्यार्थ्याला एक बंद आज्ञावली देतात आणि तिचे नावच बाँब. तिच्या पोटात एकापाठोपाठ एक अशी सहा कुलपे असतात. यंत्राच्या भाषेत शिरून एकेका कुलपाची किल्ली शोधून काढायची. किल्ली चुकली की बाँब 'फुटतो', म्हणजे थोडे गुण कापले जातात. इजा कोणालाच होत नाही. हे कळल्यावर बहिणीचा जीव भांड्यात पडला खरा, पण पुरता पडला नाही. "इजा होत नाही म्हणतात," ती मला म्हणाली, "मग पोरगी अशी मुकी का झाली?"

या प्रश्नाचे उत्तर आणायला मी निघालो होतो.

पेनसिल्व्हेनिया राज्याची सारी रुंदी ओलांडून बस जाते. वाटेत ॲलेगेनीचे डोंगर लागतात. हिवाळा तोंडावर आला होता. झाडांची निम्मी पाने गळून गेली होती आणि उरलेली तांबडी, पिवळी होऊन वाऱ्याची वाट पाहत होती. संध्याकाळी मी उतरलो तेव्हा भाची थांब्यावर उभी होती. वाळली होती. तिने वाकून नमस्कार केला, माझ्या हातातला डबा घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या चार चकल्या खाल्ल्या. बहिणीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच मिळाले: दिले तर जेवते.

"मामा, उद्या सकाळी मला अडीच तास आहेत," ती म्हणाली. "तेवढ्यात तुम्हाला गाव दाखवते."

मी मूळचा कराडचा. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी प्रीतिसंगमावर नेतात. पिट्सबर्गचीही तीच रीत आहे. 1877 सालापासून चालू असलेली, दोराने ओढली जाणारी एक गाडी आहे. तिच्यात बसून आम्ही डोंगराच्या माथ्यावर गेलो. खाली दोन नद्या दिसत होत्या. दक्षिणेकडून मोनोंगाहेला येते, उत्तरेकडून ॲलेगेनी, आणि शहराच्या टोकाला दोघी मिळून ओहायो होते. आमच्या कृष्णा-कोयना अगदी समोरासमोर धावत येऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात. या दोघी शेजारी शेजारी येतात आणि मुकाट्याने एक होतात. मी हे बोलून दाखवले, तेव्हा भाची कठड्याला टेकून म्हणाली, "आम्हीसुद्धा तसेच बसतो, मामा. शेजारी शेजारी. प्रत्येकाचे तोंड आपापल्या पडद्याकडे."

एके काळी या गावात धुराने भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. पोलादाच्या भट्ट्या रात्रंदिवस जळत. होमस्टेडचा प्रचंड कारखाना 1986 साली बंद पडला. आता हे शहर मुख्यतः इस्पितळे आणि विद्यापीठे यांवर जगते. ज्या अँड्र्यू कार्नेगीने पोलादात पैसा मिळवला, त्यानेच 1900 साली कामगारांच्या मुलांसाठी इथे तंत्रशाळा काढायला देणगी दिली. तो स्वतः लहानपणी कापडगिरणीत राबलेला. 'माझे हृदय कामात आहे' या अर्थाचे त्याचे वचन विद्यापीठाने आपले ब्रीद केले आहे. वाक्य मोठे उमदे आहे. परंतु हृदय सगळेच कामात ठेवले, तर आईचा फोन कशाने घ्यायचा, हा प्रश्न माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला पडल्यावाचून राहिला नाही.

दुपारी मी विद्यापीठ पाहिले. संगणकाची विद्या इथे फार लवकर रुजली. 1956 साली एका तळघरात पहिले यंत्र आले आणि 1965 साली तिचा स्वतंत्र विभाग झाला. चित्तूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेले राज रेड्डी इथेच शिकवू लागले. 1994 साली त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. या विद्येतला तो सर्वांत मोठा मान. विभागाच्या नव्या इमारतीत मधोमध एक गोल गोल वर चढत जाणारी वाट आहे. तिच्यावरून फिरताना जिकडे पाहावे तिकडे मुले बसलेली. कोणी भिंतीवरच्या फळ्यावर चौकोन काढत होते, कोणी बाकावर पाय दुमडून झोपी गेले होते. आवाज म्हणाल तर कळफलकाच्या टकटकीखेरीज नाही.

भाचीने मला एक गोष्ट सांगितली. 1982 साली या विभागातले लोक संगणकाच्या फळ्यावर एकमेकांना निरोप लिहीत. चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे थट्टा कोणती आणि खरे कोणते हे कळेना आणि गैरसमज होऊ लागले. तेव्हा 19 सप्टेंबर रोजी स्कॉट फालमन या संशोधकाने एक तोड सुचवली. थट्टेच्या वाक्यापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि उजवा कंस काढावा. मान डावीकडे कलती करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो. थट्टा नसेल तर कंस उलटा, म्हणजे पडलेला चेहरा. आज आपल्या टेलिफोनवर हसणाऱ्या-रडणाऱ्या चेहऱ्यांचा जो बाजार भरलेला असतो, त्याचे एक मूळ इथे आहे. मला मोठी गंमत वाटली. माणसे जवळ असून एकमेकांची तोंडे दिसत नाहीत ही अडचण इथे जुनीच म्हणायची!

आम्ही एका फळ्यासमोर बसलो. "तुम्हाला काम असते तरी किती?" मी विचारले. ती म्हणाली, तिथे प्रत्येक विषयाला 'युनिट' नेमलेली असतात. एक युनिट म्हणजे आठवड्याला एक तास काम, वर्गातले आणि घरचे मिळून. या सत्रात तिची 54 युनिट होती. आता मी पडलो परीक्षेच्या गुणांच्या बेरजा करणारा माणूस. मी खिशातल्या कागदावर आकडे मांडले. आठवड्याचे तास 168. अभ्यासाचे 54 वजा केले, उरले 114. रोज सात तास झोप धरली, 49 गेले, उरले 65. आंघोळ, जेवण, कपडे धुणे, चालणे यांना रोज तीन तास दिले, म्हणजे आणखी 21. तरी 44 उरले.

"हे चव्वेचाळीस तास जातात कुठे?" मी कागद तिच्यापुढे धरून विचारले. प्राध्यापकाची सवय, वाटले, मुलगी सापडली.

ती रागावली नाही. उठून तिने फळ्यावर एक लांब पट्टी काढली. "मामा, सध्या आम्हाला हेच काम दिले आहे. ही संगणकाची स्मृती समजा. कोणी आज्ञावली जागा मागते, तिला द्यायची. तिचे काम झाले की परत घ्यायची." तिने पट्टीचे तुकडे पाडले, काही रंगवले, काही कोरे ठेवले. "थोड्या वेळाने असे होते. मोकळी जागा पाहिलीत तर पुष्कळ आहे. पण एक तुकडा इथे, एक तिथे. आता कोणी मोठा, अखंड तुकडा मागितला तर काय देणार? जागा असूनही नाही म्हणावे लागते. तुमचे 44 तास असे आहेत. दहा मिनिटे इथे, वीस मिनिटे तिथे. आणि कागदावर 54 असले, तरी चूक सापडेपर्यंत उठता येत नाही. ती पाच मिनिटांत सापडेल की पहाटे पाचला, हे आधी कळत नाही."

"याला मराठीत शब्द आहे," मी म्हणालो. "सलग. तुझ्याकडे वेळ आहे, सलग वेळ नाही."

"सलग," ती म्हणाली आणि फळ्यावर तो शब्द तिने देवनागरीत लिहिला. नवव्या वर्षी देश सोडलेल्या मुलीचे अक्षर अजून वळणदार होते.

मित्रमैत्रिणी एकत्र बसून अभ्यास करीत नाहीत का, असे मी विचारले. तेही सोपे नाही. घरी सोडवायच्या कामात दुसऱ्याची आज्ञावली पाहायची नाही असा कडक नियम आहे. नक्कल शोधून काढणाऱ्या आज्ञावल्याही आहेत. म्हणजे शेजारच्याला चहा पाजता येतो, पण त्याची चूक दाखवता येत नाही आणि आपली दाखवता येत नाही. संकट सगळ्यांवर एकच असते आणि ते ज्याने त्याने एकट्याने काढायचे असते.

संध्याकाळी तिने मला इमारतीच्या एका अंगाला नेले. तिथून एक पादचारी पूल निघतो आणि समोरच्या नाट्यकलेच्या इमारतीला जाऊन मिळतो. नाटकाची पदवी देणारे शिक्षण अमेरिकेत प्रथम इथेच, 1914 साली सुरू झाले. पुलाला रँडी पॉश यांचे नाव आहे. ते संगणकाचे प्राध्यापक. संगणक आणि नाट्य यांची सांगड घालण्यात त्यांनी हयात घालवली. कर्करोग बळावल्याचे कळल्यावर 18 सप्टेंबर 2007 रोजी त्यांनी इथे एक व्याख्यान दिले, ते पुढे जगभर गाजले. शेवटी त्यांनी सांगितले, की हे सारे आपण आपल्या मुलांसाठी बोललो. 2008 च्या जुलैत ते वारले. पुलाच्या कडेला धातूच्या पत्र्यांत पेंग्विनच्या आकृती कोरल्या आहेत आणि रात्री त्यांतून रंगीत दिवे झळकतात.

पुलाच्या मध्यावर भाची थांबली. समोरच्या काचेतून नाट्यगृहाचे दिवे दिसत होते.

"मामा, हा पूल ओलांडायला दोन मिनिटे लागतात," ती म्हणाली. "मी नाही ओलांडला."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. पहिल्या वर्षापासून तिच्या खोलीत राहणारी एक मैत्रीण होती. ओहायोकडची, नाट्यकला शिकणारी. पहिल्या वर्षी हिला घरची आठवण येऊन ताप भरला, तेव्हा तिने दोन रात्री जागून काढल्या होत्या. ऑक्टोबरच्या आरंभी तिला पहिल्यांदा रंगमंचावर काम मिळाले. लहानच, चार वाक्यांचे. प्रयोग तीन होते. पहिल्या दोन प्रयोगांना हिला वेळ झाला नाही. तिसऱ्याला नक्की येते म्हणून हिने सांगितले होते. त्या दिवशी बाँबची सहाही कुलपे उघडून झाली होती, गुण पदरात पडले होते. पण त्या बाँबमध्ये एक सातवे, लपवलेले कुलूपही असते. ते न उघडले तरी गुण जात नाहीत. हिला वाटले, अर्ध्या तासात होईल. मान वर केली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि प्रयोग संपला होता.

"मग? भांडण झाले?"

"भांडण झाले असते तर मिटवता आले असते. ती काहीच बोलली नाही. सकाळी उठते, जाते. रात्री येते, झोपते. आता महिना होईल."

मी त्यावर उपदेश केला नाही. समोरच्या इमारतींपैकी एकीला न्यूवेल आणि सायमन यांची नावे आहेत, एवढे मात्र मी तिला विचारले, की हे सायमन कोण हे ठाऊक आहे का? संगणकाला विचार करायला शिकवणारे, इतके तिला माहीत होते. हर्बर्ट सायमन 1949 पासून 2001 साली मरेपर्यंत याच गावी शिकवीत होते, आणि 1978 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते माणसाच्या निर्णयांवर केलेल्या विचारासाठी. त्यांचे म्हणणे असे, की माणूस सर्वोत्तम शोधायला बसला तर त्याचा शोध संपणारच नाही; म्हणून शहाणा माणूस 'पुरेसे' सापडले की थांबतो. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याकडून चहाच्या टेबलावर मी हे ऐकले होते. भाची ऐकून गप्प राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे सहा कुलपांनंतर उठायला हवे होते."

विद्यापीठाच्या हिरवळीवर एक कुंपण आहे. कशाभोवतीच नाही, नुसतेच उभे. पूर्वी तिथे एक ओहोळ होता, त्याच्या एका अंगाला मुलांचे कॉलेज, दुसऱ्या अंगाला मुलींचे, आणि मधल्या पुलावर दोघांच्या भेटी होत. ओहोळ बुजला, पूल गेला आणि भेटायची जागाही गेली. तेव्हा 1923 साली तिथे लाकडी कुंपण घालून दिले, की इथे या आणि भेटा. पुढे मुलांनी ते रंगवायला सुरुवात केली, आणि इतके रंगवले की 1993 साली रंगांच्या थरांच्या भाराने ते कोसळले. आताचे काँक्रीटचे आहे. त्याचे नियम मोठे मौजेचे आहेत. रंगवायचे ते मध्यरात्रीनंतर आणि उजाडण्यापूर्वी, आणि तेही कुंचल्याने. आणि रंगवणाऱ्यांनी त्याची राखण करायची. कोणी ना कोणी रात्रंदिवस तिथे बसून राहिले, तोपर्यंत कुंपण त्यांचे. सगळे उठून गेले, की दुसऱ्यांनी त्यावर रंग फासायला मोकळीक.

दिवाळीनिमित्त भारतीय विद्यार्थ्यांनी कुंपणावर निळा रंग देऊन पणत्या काढल्या होत्या. राखणीत भाचीची पाळी रात्री दोन ते चारची होती. मीही गेलो. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघावी. शेजारच्या तंबूत एक तेलुगू मुलगा गाढ झोपला होता. आम्ही घोंगड्या पांघरून कुंपणाला टेकून बसलो. पडदा नव्हता, कळफलक नव्हता. दोन तास करायचे काहीच नव्हते.

तिथे मला माझे वडील आठवले. कराडजवळ आमची थोडी जमीन आहे. शाळू भरात आला की वडील माळ्यावर बसून राखण करीत. हातात गोफण, खाली शेकोटी. नोकरीनिमित्त मी कोल्हापुरास गेलो आणि पीएच. डी.च्या मागे लागलो. दर जानेवारीत वडिलांचा फोन यायचा, "हुरडा तयार झालाय, एक रात्र ये." कोल्हापूर ते कराड दीड तासाची वाट. मी दर वर्षी म्हणायचो, "या प्रकरणाचे तेवढे लिहून होऊ द्या, पुढल्या वर्षी नक्की येतो." सहा वर्षे असे चालले. सातव्या वर्षी फोन आला नाही. प्रबंध अजूनही कपाटात अपुरा पडून आहे. वडिलांना हुरड्यासाठी मुलगा नको होता, माळ्यावर शेजारी बसायला हवा होता, हे मला मागाहून कळले.

भाचीला आजोबा अंधुकच आठवत होते. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "मामा, माळ्यावर आजोबा रात्रभर करायचे काय?"

"काही नाही. बसायचे."

"सलग," ती म्हणाली.

मग तिने टेलिफोन काढला आणि बराच वेळ तो नुसताच हातात धरून बसली. शेवटी काहीतरी लिहिले. मी विचारले नाही, तिनेच सांगितले. 'कुंपणाजवळ आहे. चार वाजेपर्यंत. नाटकाला आले नाही त्याला कारण नव्हते. तुझी चार वाक्ये ऐकायची आहेत.' रात्रीचे अडीच वाजले होते. मी म्हणालो, "अगं, ती झोपली असेल."

"नाटकवाले झोपत नाहीत, मामा."

दहा मिनिटे काहीच आले नाही. मग पडदा उजळला. तीन खुणा होत्या: अपूर्णविराम, रेघ आणि कंस. मी घाईने चष्मा पुसला, मान डावीकडे कलती केली. कंस उलटा होता, पडलेला चेहरा. भाचीने फोन गुडघ्यावर पालथा ठेवला. मलाही काय बोलावे ते सुचेना. इतक्यात फोन पुन्हा थरथरला. या वेळी शब्द होते: 'तिथे खायला काही आहे का?'

सव्वातीनच्या सुमारास हिरवळीवरून एक उंच मुलगी आली. अंगावर मोठा कोट, पायांत घरातल्या सपाता. तिने मला ओळख नसताना हसून अभिवादन केले आणि आमच्या घोंगडीचे टोक ओढून घेऊन भाचीच्या समोर बसली, शेजारी नव्हे. मी चकल्यांचा डबा पुढे केला. मग त्या दोघी बोलू लागल्या. इंग्रजी माझे बेताचेच, आणि त्यांचे फार भरभर होते. पण मी तिथून उठावे हे समजण्याइतके मला नक्कीच आले. कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मी निळ्या रंगावरच्या पणत्या पाहत उभा राहिलो. मागून एकदा रडल्याचा आवाज आला. कोणाचा ते मी वळून पाहिले नाही. थोड्या वेळाने तीच चार वाक्ये कोणीतरी मोठ्या, खणखणीत आवाजात म्हटली, आणि तंबूतला तेलुगू मुलगा दचकून जागा झाला. चार वाजता पाळी बदलायला मुले आली, तरी त्या दोघी उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. दिलेले काम तसेच होते, 54 युनिट तशीच होती, आणि त्या आठवड्यात स्मृतीच्या जागावाटपाची आज्ञावली पुरी करायचीच होती. त्यातून तिला सुटका नाही, आणि ती ती मागतही नाही. तिचा त्या विद्येवर जीव आहे. पण निरोप देताना तिने मला आपले वेळापत्रक दाखवले. रविवारी संध्याकाळचे तीन तास तिने रंगवून ठेवले होते आणि त्यावर मराठीत एकच शब्द लिहिला होता: राखण.

बस सुटली आणि बहिणीचा फोन आला. "जेवते का?"

"दिले तर जेवते."

"झोपते का?"

"नाही."

ती क्षणभर थांबली. "आणि बोलायला कोणी?"

"आहे," मी म्हणालो. "पहाटेचे सहा वाजले तरी दोघींचे बोलणे संपले नव्हते. चकल्या मात्र संपल्या. आणखी पाठव, या वेळी दोघींच्या पाठव."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती हलकेच म्हणाली, "मार्क विचारले नाहीस ना, दादा?"

"विसरलो," मी म्हणालो; आणि खरोखरच विसरलो होतो.